आईची करक्युमिनची बाटली, बाबांचं हळदीचं पोतं – भाव नेमका ठरवतो कोण?

पेवकर (धागाकर्ता)

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

परवा रविवारी आई मावशीबरोबर सांगलीत विश्रामबागेतल्या मोठ्या सुपरमार्केटात गेली होती. येताना पिशवीत साखर, फिनेल, एकावर एक फुकट म्हणून आणलेले टूथब्रश आणि एक पांढरी बाटली. बाटलीवर सोनेरी अक्षरं आणि हळकुंडाचं चित्र. इतकं गुळगुळीत हळकुंड आमच्या बाबांनी जन्मात पिकवलेलं नाही. आत ५०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल. छापील किंमत ९९९, त्यावर काट, खाली लाल पट्टीत ६९९. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "गुडघ्याला चांगलं असतंय म्हणे. आणि तीनशे रुपये वाचले की."

आता आमच्या घरातली गंमत ऐका. कसबे डिग्रजला आमची अडीच एकर. त्यातली एकरभर हळद असते. आई हे बोलत होती तेव्हा डोक्यावर माडीत हळदीची चार पोती पडून होती, बाबा भाव वाढायची वाट बघतायत म्हणून. पूर्वी हळद हरिपूरला पेवात ठेवायची सोय होती. जमिनीत खोल खड्डा, आत पाचट, वरून माती लिंपलेली. दोन-दोन वर्षं माल किडत नसे. २००५च्या पुरात बरीच पेवं गेली. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे, आजोबांचं तिथे पेव होतं.

आमच्या पट्ट्यात मे महिन्यात लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीत काढायची. म्हणजे नऊ महिने, पोर जन्माला घालायला लागतात तेवढे. मग शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, पत्रे उलटेपालटे करायचे, ढग आला की ताडपत्री घेऊन पळायचं, शेवटी ड्रमात घालून पॉलिश. पाच पोती ओली तेव्हा कुठे एक पोतं वाळकी. फेब्रुवारीत बाबांच्या हाताची नखं पिवळीजर्द असतात आणि ती पाडव्यापर्यंत तशीच राहतात. यंदा पहिल्या लॉटला मार्केट यार्डात क्विंटलला १४,००० मिळाले, हमाली-तोलाई वजा जाता थोडे कमी. म्हणजे किलोला १४०.

बाटलीतला माल ३० ग्रॅम, ६९९ रुपये. किलोला २३,३०० झाले. भागून बघितलं, १६६ पट. कॅल्क्युलेटर दोनदा दाबला.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी शिकवलं होतं की भांडवलशाहीत भाव मागणी-पुरवठ्यातून ठरतो, कोणी एक जण ठरवत नाही. असेल. पण आमचं घर या साखळीच्या दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला बाबा पोतं ठेवून उभे राहतात आणि भाव दुसरा माणूस बोलतो. दुसऱ्या टोकाला आई बाटली उचलते तेव्हा भाव आधीच छापलेला असतो. दोन्हीकडे आम्ही आहोत, दोन्हीकडे भाव दुसऱ्याचा. मधल्या १६५ पटीत नेमकं काय होतं, हे मला समजून घ्यायचंय. शिव्या द्यायला धागा काढलेला नाही, खरंच विचारतोय.

---

नाद_खुळा

काय राव, चार पोती माडीवर आणि इथं रडताय. बाबांना सांगा, यार्डात जाऊ नका, रिकाम्या कॅप्सूल मागवा आणि घरी बसून भरा.

---

मिरजेचा_केमिस्ट

पेवकर, धागा झकास, पण गणितात गफलत आहे. हळदीत करक्युमिन असतं शेकडा २ ते ५च्या आसपास. कॅप्सूलमध्ये जर ९५ टक्के करक्युमिनचा अर्क असेल तर ३० ग्रॅम अर्कात साडेअठ्ठावीस ग्रॅम करक्युमिन झालं. तुमच्या हळदीत ३ टक्के धरलं तर तेवढं काढायला जवळजवळ एक किलो वाळकी हळद लागेल. म्हणजे कच्चा माल १३०-१४० रुपयांचा, बाटली ६९९ची. पाच पट. त्यात सॉल्व्हंट वापरून अर्क काढणं, तपासणी, कॅप्सूल, बाटली, कर, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार. पाच पट ही आमच्या धंद्यात काही लूट म्हणता येणार नाही.

आणि सगळं मार्केटिंग खोटं असतं असंही नाही. करक्युमिन नुसतं खाल्लं तर अंगात फारसं शोषलं जात नाही. मिऱ्यातलं पायपरिन बरोबर असेल तर बरंच जास्त शोषलं जातं. हे तपासलेलं आहे. आपली आजी हळदीच्या दुधात मिरी का टाकायची, ते तिला ठाऊक होतं की नव्हतं देव जाणे, पण टाकायची.

मात्र एक काम करा. बाटली उलटी करून मागचं वाचा. आणि आईंना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे देऊ नका.

---

पेवकर (धागाकर्ता)

केमिस्टसाहेब, उलटी केली. भिंग लागलं.

पुढे मोठ्या अक्षरात "५०० मि.ग्रॅ. करक्युमिन कॉम्प्लेक्स". मागे: हळद पावडर ४५० मि.ग्रॅ., हळद अर्क ५० मि.ग्रॅ. त्याच्याखाली "औषधी उपयोगासाठी नाही".

पुन्हा गणित. ६० कॅप्सूलमध्ये अर्क ३ ग्रॅम, त्याला लागणारी हळद ९५ ग्रॅम. साधी पावडर २७ ग्रॅम. एकूण १२२ ग्रॅम हळद. बाबांच्या भावाने १७ रुपये. ६९९ भागिले १७, एक्केचाळीस पट.

१६६वरून पाचवर आलो होतो, आता एक्केचाळीसवर. मिऱ्याचं नाव नाही.

---

मिरजेचा_केमिस्ट

"कॉम्प्लेक्स" या शब्दाला आमच्या काउंटरवर आम्ही नमस्कारच करतो. मी माझं पाच पट मागे घेतो. या बाटलीपुरतं.

---

खणभागचा_किराणा

मी दुकानदार, तिसरी पिढी. भांडवलशाही मला पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. ती रोज सकाळी अकराला मोटारसायकलवरून येते, हातात टॅब घेऊन. एजन्सीचा पोरगा असतो, बिचाऱ्याला टार्गेट असतं. "काका, साबणाच्या डझनावर एक फ्री, पण शाम्पूच्या चार लडी घ्याव्या लागतील." लडी घेतल्या की त्या तो स्वतः टांगून जातो. कुठे? दारातच, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर. चॉकलेटची बरणी मात्र खाली, पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर. आजोबांच्या वेळी काय कुठे ठेवायचं ते आजोबा ठरवायचे. आता रॅक कंपनीचा, जागा माझी, त्याचे महिन्याला थोडे पैसे मिळतात.

शाम्पूच्या पुडीला लोक नावं ठेवतात. पण ती कुठल्या परदेशी कंपनीची अक्कल नव्हे. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी ती चालवली आणि त्यांच्या मुलाने १९८३ पासून त्यावर मोठी कंपनी उभी केली. रोजगारावर जाणाऱ्या बाईला सबंध बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली. आणि हिशोब करून बघा, कैक वेळा पुडीतला शाम्पू बाटलीतल्यापेक्षा स्वस्त पडतो. बाटली घेणारा शहाणा आणि पुडी घेणारा अडाणी, हा समज माझ्या काउंटरवर रोज खोटा ठरतो.

फसगत दुसरीकडे आहे. बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांचा राहिला, हाताला मात्र हलका होत गेला. गिऱ्हाईक किंमत पाठ करतं, वजन पाठ करत नाही, हे कंपनीला बरोबर माहीत आहे. २०२२ नंतर पाकिटावर ग्रॅममागे किती पैसे पडले तेही छापावं लागतं. छापतात. मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात.

आता माझंही खरं सांगतो. तेलाचा डबा मला एजन्सीकडून ज्या भावात पडतो त्याच्यापेक्षा कमी भावात तो मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाला मिळतो. ते ट्रकच्या ट्रक रोखीत उचलतात, मी आठ डबे उधारीवर. दोनदा मी स्वतः तिथल्या रांगेत उभा राहून डबे आणलेत आणि माझ्या दुकानात विकलेत. टोपी घालून गेलो होतो. ओळखीची दोन गिऱ्हाइकं तिथेच भेटली, त्यांनीही मान खाली घातली आणि मीही.

२०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा दुकानात छातीएवढं होतं. माल गेला ते गेलंच, उधारीची वही भिजून लगदा झाली. कोणाकडे किती, मलाच वाचता येईना. पाणी उतरल्यावर लोक चिखल तुडवत आले. "काका, माझे बाराशे होते." "माझे साडेचारशे." सगळे आले असं नाही म्हणणार, मोठ्या आकड्याचे दोघे अजून रस्ता बदलून जातात. पण आले बरेच. हे कुठल्या खात्यात घालायचं ते सरांना विचारून सांगा.

---

सातारकर

आमच्याकडे राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत कंदी पेढ्याचं प्रत्येक दुकान "मूळ" आहे. त्यामुळे मार्केटिंगवर सांगलीकरांनी आम्हाला शिकवू नये एवढंच बोलतो. चालू द्या.

---

बॅकबेंचर

काका, मोठ्या दुकानात निदान सगळ्यांना एकच भाव दिसतो. आमच्या हॉस्टेलवर काय झालं सांगतो. चौघांनी मिळून मागवायचं होतं. माझ्या फोनवर एक रक्कम, रूममेटच्या फोनवर तेच सामान, तोच पत्ता, २३ रुपये कमी. त्याने ते ॲप महिनाभर उघडलं नव्हतं, म्हणून त्याला "आम्ही तुमची वाट बघतोय" अशी सूट. मी रोज उघडतो, म्हणून मला काही नाही. इमानदारीची किंमत २३ रुपये.

वर पैसे भरताना पाच रुपयांची देणगी आपोआप टिक केलेली. आणि मेंबरशिप नको असेल तर दाबायचं बटण: "नको, मला जास्त पैसे भरायला आवडतं." आईशपथ असंच लिहिलेलं. अशा चाळ्यांना डार्क पॅटर्न म्हणतात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यावर बंदी घातलीय. गुपचूप टोपलीत टाकणं, लाजवणं, "फक्त २ उरले" म्हणून घाबरवणं, सगळं यादीत आहे. मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार टाकली. पाच रुपये परत आले! पोरं मला आता वकीलसाहेब म्हणतात.

वर्गातली एक मुलगी रील्स करते. तिला फुकट फेसवॉश येतो, ती दोन मिनिटं डोळे मिचकावून "टर्मरिक ग्लो" म्हणते. पैसे किंवा माल घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं सांगायचं असा नियम आहे. ती सांगते, पण चाळीस हॅशटॅगांच्या शेवटी. तिच्या घरी दिवाळीला उटणं आई करते, त्याचं रील एकदाही नाही.

---

तोलाराचा_पोर

बॅकबेंचर, तुझ्या २३ रुपयांवरून आठवलं, म्हणून लिहितोय. माझा बाप मार्केट यार्डात तोलार होता, म्हणजे माल तोलून देणारा, चुलते हमाल. मी यार्डात पोत्यांवर झोपून वाढलोय.

आजोबा सांगायचे, त्यांच्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार हातात हात घालायचे, वरून रुमाल. आत बोटं दाबायची, किती बोटं, कितीदा, त्यावरून भाव. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा. शेतकरी समोर उभा. माल त्याचा, भाव त्याच्या मालाचा, आणि बघायला मिळायचा फक्त रुमाल, हलताना. आजोबा म्हणायचे, शेतकरी मग हाताकडे बघायचाच नाही, खरेदीदाराच्या भुवया बघायचा. भुवई उडाली की समजायचं, आकडा बरा असावा.

पुढे बाजार समित्यांचा कायदा आला, उघड लिलावाची सक्ती झाली. आता ढिगापाशी सगळे उभे राहतात, हळकुंड मोडून बघतात, भाव मोठ्याने बोलला जातो. बाजार समितीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, पण रुमाल काढला हे खरं. तो आपोआप निघाला नाही, काढावा लागला. आता पोरगं सांगतंय की त्याच्या फोनवर एक भाव आणि मित्राच्या फोनवर दुसरा. मग रुमाल परत आलाच की! फक्त तो आता गिऱ्हाइकावर टाकलाय, आणि आतली बोटं मशीनची आहेत. भुवईसुद्धा बघायला मिळत नाही.

पेवकर, तुमच्या एक्केचाळीस पटीत माझ्या चुलत्याची हमालीपण धरा. पोत्यामागे काही रुपये. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायचं. बाटलीवर त्याची ओळ कुठे छापलेली नाही. मला लोक लाल झेंड्याचा म्हणतात, म्हणू देत.

---

नाद_खुळा

दादा, रुमालाचं लई भारी सांगितलं. आमचं आजोबा पण असंच हात दाबून दाखवायचं, आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचा खेळ हाय.

---

पलूसचे_मास्तर

तोलारभाऊंचं म्हणणं पटलं, पण चित्राची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात आहे, तीही लिहितो. शाळेच्या सहली मी वर्षानुवर्षं किर्लोस्करवाडीला नेल्या आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन बिघडते, विषारी होते, अशी पक्की समजूत. वस्तू चांगली, गरज खरी, तरी विक्री नाही. मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत शेताच्या बांधावर हात चोळत बसलेला. पुढे बेळगावहून बिऱ्हाड हलवावं लागलं तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, बिनव्याजी कर्ज दिलं, आणि १९१० साली वाडी उभी राहिली. म्हणजे आपल्याकडच्या या खाजगी कारखान्याच्या पायातही राजाचा पैसा होता, हे ‘खुल्या बाजारा’वाल्यांनी लक्षात ठेवावं.

आणि विक्रीचं काय? १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचं छोटं पत्रक काढलं, "किर्लोस्कर खबर". हेतू आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणं हाच. त्याचं पुढे मासिक झालं, १९३० मध्ये "स्त्री" आलं, आणि नांगराच्या जाहिरातीच्या पोटातून मराठी घरांत विज्ञान, स्त्रीशिक्षण, जातिभेदावरची टीका जाऊन पोचली. माझ्या आईने पहिला लेख वाचला तो "स्त्री"मधला. तेव्हा मार्केटिंग म्हटलं की नाक मुरडण्याआधी मी जरा थांबतो. त्या मार्केटिंगने नांगर विकला आणि वाचक तयार केला. पेवकरांच्या आईंच्या बाटलीने काय तयार केलं? एक गिऱ्हाईक, जिला आपल्याच माडीवरच्या पोत्याची खात्री वाटेनाशी झाली.

---

विटा_ते_पुणे

मास्तर, शेवटचं वाक्य लागलं. मी त्याच धंद्यात आहे. मूळचा विट्याचा, पुण्यात जाहिरात एजन्सीत पंधरा वर्षं.

पेवकर, तुमच्या आईंनी ६९९ला बाटली घेतली नाही, त्यांनी "३०० वाचवणं" विकत घेतलं. ९९९चा आकडा विकण्यासाठी नसतोच, तो बाजूला उभा राहून ६९९ला लहान दिसायला लावण्यासाठी असतो. बाटली पांढरी का? औषधासारखी वाटावी म्हणून. अक्षरं सोनेरी का? औषधासारखी वाटू नये म्हणून! दोन्ही एकाच वेळी साधायला आम्हाला सहा बैठका लागतात. अशाच एका उत्पादनाच्या बैठकीला मी होतो. "गुडघा" हा शब्द बाटलीवर घालायचा नाही, कायद्यात अडकतं, पण दुकानात गुडघ्याच्या मलमाशेजारचा रॅक मिळवायचा, असं तिथे ठरलं. आईंना "म्हणे" कुणी सांगितलं? रॅकने.

आमचं गाव गलाईवाल्यांचं. विटा-खानापूरची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसलीत. वडील तोच धंदा कोचीनला करायचे. मी लग्नात बायकोसाठी हिऱ्याची अंगठी घेतली तेव्हा ते म्हणाले, "हे वितळतं का? नाही? मग परत काय मिळणार?" मी चिडलो होतो. पुढे नोकरीत शिकलो की हिरा कायमचा असतो ही ओळ १९४७ साली अमेरिकेतल्या एका एजन्सीत फ्रान्सेस गेरेटी नावाच्या बाईंनी खाण कंपनीसाठी लिहिली. कायमचा, म्हणजे परत विकू नका. विकायला काढलात तर भाव कळेल. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण ओळीचा अर्थ त्यांनी अंगठी बघूनच लावला होता.

माझा बचाव एवढाच, की आम्ही गरज निर्माण करत नाही. भीती आणि हौस लोकांकडे आधीच असते, आम्ही तिला दुकानाचा पत्ता सांगतो. बायको म्हणते, हे वाक्यपण मी बैठकीसाठीच तयार केलेलं असणार.

---

तासगावची_आक्का

वहिनी शहाणी आहे तुमची.

हौशीवरून सांगते. गेल्या वर्षी पुतणीचं लग्न झालं. हळद लागायची म्हणजे आमच्यात पाच सवाशिणी, जात्याला कंकण, वाटीत हळद-तेल, अंगणात पाट, झालं. आता "हळदी फंक्शन". पिवळा मांडव, पिवळ्या प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, सगळ्यांना पिवळे कपडे, पिवळे गॉगल. खर्च ऐंशी हजार. नवरीला हळद किती लावली? बोटाच्या पेराएवढी, मेकअप खराब होईल म्हणून. मी एक वाटी भरून नेली होती, फोटोवाल्याने ती टेबलाखाली ठेवली, रंग कॅमेऱ्यात नीट येत नाही म्हणाला. हळदीच्या जिल्ह्यात, बरं का.

आणि त्याच लग्नातला फ्रीज. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणून भावजींनी ३२,००० चा घेतला. मी दुकानदाराला बाजूला घेऊन विचारलं, रोख दिले तर? म्हणाला, तीस करतो ताई. वर प्रोसेसिंग फी होतीच. म्हणजे व्याज होतंच, त्याला बिनव्याजी नाव दिलेलं. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असलं काही नसतं. तेव्हापासून पाटीवर "झिरो टक्के" गेलं आणि "नो कॉस्ट" आलं. भावजींना सांगितलं तर म्हणाले, हप्ता महिन्याला किती ते बघ ना. बिस्किटाच्या पुड्याचं आणि यांचं एकच. एक आकडा पाठ, बाकी वजन कोण बघतंय?

आमचा बेदाणा पण तसाच. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला. शेडवर आम्ही सुकवायचा, रंग बघून भाव पाडून घ्यायचा, आणि तोच पुण्याच्या दुकानात काळ्या डबीत "सनड्राइड" म्हणून.

---

पेवकर (धागाकर्ता)

आक्का, जीआयवरून आठवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालं. बाबांना विचारलं, माहीत आहे का? म्हणाले, "पेपरात वाचलं. यार्डात कोण विचारत नाही." राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, ते निजामाबादला. त्यावर त्यांचं मत छापण्यासारखं नाही. उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, पाळत नसतील तर मोर्चा काढायला एक आकडा हातात असतो. हळदीला हमीभावच नाही. मोर्चा काढायचा तर घोषणेत आकडा कुठला घालायचा?

---

पलूसचे_मास्तर

हळदीने जखम भरते याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं होतं, हेही लिहून ठेवतो. आपल्या सीएसआयआरने (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने), डॉ. माशेलकर प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. तेव्हा वर्गात मी पेढे वाटले होते. सातारकर, कंदीच होते, "मूळ" दुकानातले.

---

खणभागचा_किराणा

पेवकर, बराच वेळ वाचतोय. मुद्द्याचं बोलू का? मला पन्नास किलो हळद पाहिजे, दळून. ब्रँडेड पाकिटं ठेवतो, पण गिऱ्हाईक विचारतं, घरची आहे का कुणाची. तुमचं पोतं माडीवर आहेच. किलोला काय घ्याल ते सांगा, रोखीत घेतो.

---

विटा_ते_पुणे

लेबल मी करून देतो, फुकट. हळकुंडाचं चित्र खरं काढू, बाबांच्या पिवळ्या नखांसकट.

---

तासगावची_आक्का

मला पाच किलो. भाव सांगा.

---

पेवकर (धागाकर्ता)

तिघांचे आभार. काल रात्री जेवताना बाबांना सांगितलं, यार्ड नाही, अडत्या नाही, सरळ गिऱ्हाईक आहे, भाव तुम्ही सांगायचा. त्यांनी घास थांबवला. म्हणाले, "मी कसा सांगणार?" मी म्हटलं, अहो तुमचाच माल. बराच वेळ गप्प. आईने मधेच विचारलं, दोनशे म्हणू का? तर म्हणाले, "दोनशे कुठून काढलंस?" मग तीही गप्प.

मी वही घेऊन खर्च मांडायला बसलो. बियाणं, शेणखत, लागवडीच्या बाया, पाणी, काढणी, शिजवणी. बाबांना सगळे आकडे तोंडपाठ. त्यांच्या स्वतःच्या दिवसांची मजुरी किती धरायची म्हटल्यावर हसले आणि हात धुवायला उठले.

सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा चपला घालताना म्हणाले, "थांब. आज गुरुवार. यार्डात काय निघतोय बघतो, मग संध्याकाळी सांगू त्या लोकांना."

तर किराणाकाका, आक्का, भाव संध्याकाळी सांगतो.